काळ्या डब्यातलं नाव

सोफिया शहरातल्या नकाशा कचेरीत कुणाकडे पाळणा हलला, कुणी जुनी का होईना मोटार घेतली, कुणाचं पोर रडतखडत परीक्षा पास झालं, की त्याने चॉकलेटचा डबा उघडून टेबलाटेबलापुढे फिरवायचा. समोरच्याने एक उचलायचं, एकच, आणि तोंडात टाकण्याआधी शुभ बोलायचं. बाळ असेल तर ‘जिवंत राहो, सुखरूप राहो’, मोटार असेल तर ‘न आपटता पळो’. साऱ्या शहराची हीच रीत, त्यात नवल काही नाही. पण या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर वेलिच्का पाशोवाचं टेबल होतं, आणि तिथे डबा न्यायच्या आधी वाटणारा बाकीची सगळी टेबलं उरकून घ्यायचा.

वेलिच्का आधी चष्मा लावायची. मग मान वाकडी करून डब्याच्या बुडाशी छापलेली तारीख वाचायची. “मागच्या नाताळात तुला कुणीतरी दिलेला दिसतोय हा,” असं ती एकदा खुद्द इंजिनियर दाफोवसाहेबांना म्हणाली होती, आणि साहेब कानापर्यंत लाल झाले होते, कारण ते खरं होतं. तारीख बरी निघाली तर डब्यावरचं चित्र, चित्र बरं निघालं तर आतला कागद. एवढं सगळं झाल्यावर ती एक चॉकलेट उचलायची आणि शुभ बोलायची. ते मात्र इतक्या सावकाश, इतक्या मनापासून बोलायची, की माणूस मघाचा पाणउतारा विसरून जायचा. गोड खाऊन बोललेला शब्द जाऊन लागतो यावर तिचा पक्का विश्वास होता. कुणी नुसतंच ‘हं, अभिनंदन’ म्हणून चॉकलेट तोंडात कोंबलं, तर ती त्याला पुढे वर्षभर आठवण करून द्यायची.

वय बासष्ट. कचेरीत छत्तीस वर्षं. पूर्वी ती शाईच्या बारीक टाकाने नकाशे काढायची, आणि तिच्या हातची रेघ आजही जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमध्ये सापडते, सरळ आणि एकसारखी. पुढे संगणक आले, टाक गेले, आणि वेलिच्काच्या ताब्यात त्या गुंडाळ्यांची खोली आली. तिथे दिवसाला फार तर एक माणूस येई. बाकी सगळा वेळ तिला इतरांवर नजर ठेवायला मोकळा होता, आणि तिने तो अजिबात वाया घालवला नाही. नवरा मिन्को आठ वर्षांपूर्वी गेला. तो ऐकून घेणारा माणूस होता. तो गेल्यापासून घरी ऐकायला कुणी नाही म्हणून कचेरीत बोलणं वाढलं, असं तिच्या बाजूने बोलणारे म्हणत. असे दोघेच होते.

चार वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलावरच्या झिव्काला नात झाली. सुनेने नाव ठेवलं झाकलीन. आता आपल्याकडे आजीचं नाव पूर्ण ठेवायचं नसलं की त्यातलं पहिलं अक्षर तेवढं घेतात, आणि आजीने त्यावर समाधान मानायचं असतं. झिव्का तसं मानून डबा घेऊन आली. “माझंच अक्षर आहे ना,” ती म्हणाली. वेलिच्काने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे तू कोंबडी मागितलीस आणि त्यांनी पीस हातात ठेवलं.” सगळी खोली हसली. झिव्का त्या दुपारी नळ सोडून स्वच्छतागृहात रडली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वेलिच्कालाही होतं. तिला वाईट वाटलं, पण बोललेलं मागे घ्यायची तिला सवयच नव्हती.

आणि नावाच्या बाबतीत तिला बोलायचा हक्क होता, असं तिला वाटे. ती त्र्याव्नाकडच्या खेड्यात जन्मली तेव्हा तिला आजीचं नाव दिलं, अख्खं. आजी तिला मांडीवर घेऊन स्वतःच्याच नावाने हाक मारायची. पुढे वेलिच्काला मुलगी झाली तेव्हा सासूचं नाव ठेवलं, दोन्का, तेही अख्खं. वर्गात सगळ्या क्रिस्तिना आणि व्हिक्टोरिया, आणि त्यांच्यात ही दोन्का. पोरं तिला ‘दोन्काआजी, बकऱ्या कुठे सोडल्यास’ म्हणून चिडवायची. ती रडत घरी आली की वेलिच्का म्हणायची, “नाव म्हणजे काय टोपी आहे, आवडली नाही की बदलली?”

दोन्का शिकायला बेल्जियमला गेली, लिएझ गावात राहिली, तिथल्याच एका उंच, अबोल बेन्वाशी तिने लग्न केलं. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा वेलिच्काने मनाशी सगळं ठरवून टाकलं. मुलगी होणार, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. बेन्वाच्या आईला नावाबिवाचं काही पडलेलं नाही, तिला तिची कुत्री पुरे. तेव्हा आता कुणाची पाळी? पाचव्या महिन्यातच तिने कचेरीत जाहीर केलं, “लिएझला छोटी वेलिच्का येतेय. अख्खी येतेय, अक्षर नाही.” हे बोलताना तिने झिव्काकडे पाहिलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी फोन आला.

“आई, झाली. एलोदी झाली.”

“कोण?”

“एलोदी. बाळ, आई. तुझी नात.”

वेलिच्का स्वयंपाकघरात भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होती. तिने हात पुसले. “हे कुणाचं नाव?”

“कुणाचंच नाही. आम्हाला आवडलं म्हणून.”

“आवडलं म्हणून पडदे घेतात, दोन्के.”

“मी चौतीस वर्षं दोन्का म्हणून काढली, आई. कुणाची तरी म्हणून. हिला मोकळी राहू दे.” आणि मग हळूच, “तू एकदा म्हणून बघ ना. एलोदी. छान वाटतं म्हणायला.”

“बाळाला गुंडाळून ठेव, थंडी पडलीये,” वेलिच्का म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर रोज फोन झाला. बाळ दूध पितं का, बाळ झोपतं का, बाळाचे कान झाकलेत का. बाळ, बाळ, बाळ. एकदाही तिच्या तोंडून नाव निघालं नाही, आणि दर फोनला दोन्काचा आवाज थोडा थोडा लहान होत गेला. वेलिच्काला ते कळत होतं. पण ते नाव म्हणायला गेलं की तिची दातखीळ बसायची.

इकडे कचेरीत सगळे टपून बसले होते. नात झाल्याचं तिने सांगितलं, ते लपवणं शक्य नव्हतं. नाव कुणी विचारलं की म्हणायची, “तोंड गोड करताना सांगेन.” आठ दिवस गेले, दहा गेले. “वेले, चॉकलेटला बेल्जियमहून चालत यायला सांगितलंयस का?” दाफोवसाहेबांनी विचारलं, आणि मागच्या नाताळच्या डब्याची सगळी भडास त्या एका वाक्यात काढली. झिव्का काहीच विचारत नव्हती. ती नुसती फायलींवर शिक्के मारायची आणि मधूनच वर बघायची. ते वेलिच्काला सगळ्यात जास्त झोंबायचं.

शेवटी तिने शुक्रवार ठरवला, आणि त्याबरोबर एक युक्तीही. चॉकलेट असं न्यायचं, की लोकांची मती गुंग झाली पाहिजे. बोटं चाटण्यात इतके दंग झाले पाहिजेत, की नाव विचारायचं भान राहता कामा नये. आणि तसं चॉकलेट गावात एकाच ठिकाणी मिळत होतं.

वितोशा रस्त्यावरच्या त्या दुकानाचं नाव फ्रेंच होतं आणि कुणालाच ते धड म्हणता येत नसे, म्हणून सगळे त्याला काळं दुकान म्हणत. दर्शनी भाग काळा, दार काळं, काचेत एका काळ्या उशीवर एकच चॉकलेट ठेवलेलं, जणू बाकीची विकून संपली. गुरुवारी दुपारी वेलिच्का दुखऱ्या दाताचं निमित्त करून लवकर निघाली, चांगला कोट घालून आलीच होती, आणि त्या दारासमोर येऊन उभी राहिली. दार ढकललं तर उघडेना. बाजूला घंटा होती. दुकानात शिरायला घंटा वाजवावी लागते म्हणजे दुकानदाराला गिऱ्हाईक नको असावं, असं तिचं मत पडलं, पण तिने घंटा वाजवली.

आत देवळासारखी शांतता आणि दवाखान्यासारखी स्वच्छता. काळे हातमोजे घातलेली एक सडपातळ मुलगी पुढे आली.

“स्वागत आहे. आज आपल्याला कुठल्या प्रवासाला जायला आवडेल?”

“घरी,” वेलिच्का म्हणाली. “पण आधी चॉकलेट दाखव.”

मुलगी हसली नाही. तिला हसायचं शिकवलेलं नसावं, किंवा न हसायचं शिकवलेलं असावं. तिने काचेखालच्या ओळींकडे हात केला. अंगठ्याच्या नखाएवढी चॉकलेटं, एकमेकांपासून लांब लांब बसवलेली, आजारी माणसांना ठेवतात तशी. प्रत्येकापुढे छोटी पाटी. “हे मादागास्करचं. हे पेरूमधलं, एकाच डोंगराच्या एकाच बाजूचं. यात तुम्हाला आधी तंबाखू जाणवेल, मग ओलं लाकूड, आणि शेवटी किंचित चामडं.”

“माझ्या मिन्कोचा कोट,” वेलिच्का म्हणाली. “त्याला हाच वास यायचा. मी तो वर्षातून दोनदा धुवायला टाकायचे.”

पलीकडे एक बाई उंच स्टुलावर बसून डोळे मिटून काहीतरी चघळत होती. तिच्या पायाशी कोट घातलेला कुत्रा होता, आणि त्याचा कोट वेलिच्काच्या कोटापेक्षा चांगल्या कापडाचा होता. बाईने डोळे उघडले, दूर कुठेतरी पाहिलं आणि म्हणाली, “यात पाऊस आहे.” मुलगी आदराने मान डोलवत राहिली. वेलिच्काने छताकडे पाहिलं. कुठून गळत नव्हतं.

“चाखून बघा ना,” मुलीने चिमट्यात धरून एक तुकडा पुढे केला. “चावू नका. जिभेवर ठेवा, आणि त्याला तुमच्याशी बोलू द्या.”

वेलिच्काने तुकडा दोन चावांत संपवला. “यात मीठ पडलंय, पोरी.”

“ते मुद्दाम आहे.”

“मुद्दाम?”

“समुद्री मीठ. हाताने वेचलेलं.”

“वेचणाऱ्याला सांग, साखरेच्या पोत्याजवळ ठेवू नको म्हणावं.” पण खरं सांगायचं तर ती चव तिला बरी वाटली होती, आणि त्याचा तिला राग आला. तिने बुडाशी तारीख आहे का म्हणून काचेखाली वाकून पाहिलं. “किती दिवस टिकतं?”

“तीन आठवडे.”

“एवढ्या थाटाचं, आणि तीनच आठवडे? आपली साधी चॉकलेटं वर्षभर टिकतात. माझ्याकडे एक डबा आहे, त्याने तीन घरं पाहिली.”

“आमच्यात टिकवायचं काही घातलेलं नसतं.” मुलीच्या आवाजात आता किंचित थंडी आली. “किती जणांसाठी हवंय?”

“बावीस माणसं. शिवाय दरवान. नात झालीये मला.”

“अरे वा! सुखरूप राहो,” मुलीच्या तोंडून पटकन गेलं. एवढा वेळ ती फ्रेंच दुकानातली होती, तेवढ्या क्षणापुरती ती कुणाची तरी गावाकडची नात झाली. वेलिच्काला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की तिने मग जास्त घासाघीस केली नाही. मुलीने जो आकडा सांगितला तो ऐकून तिने फक्त स्टुलाचा आधार घेतला. हिवाळ्याचे बूट पुढच्या वर्षी घेऊ, असं तिने मनात म्हटलं आणि मान हलवून होकार दिला.

तेवीस चॉकलेटं डब्यात बसली. डबा काळाभोर, वर रुपेरी फीत.

“लाल नाही का? गुलाबी? निळा असला तरी चालेल.”

“आमचा डबा काळाच असतो. तीच आमची ओळख आहे.”

वेलिच्काला काहीतरी खटकलं. काळं आणि रुपेरी, हे तिने याआधी कुठे पाहिलंय ते तिला नीटसं आठवेना, पण कुठल्या लग्नात नाही, एवढं नक्की. ती बोलणार, तोच मुलगी म्हणाली, “मध्ये एक चॉकलेटची पट्टी येते. त्यावर आम्ही सोन्याच्या वर्खाने नाव घालून देतो. बाळाचं नाव काय?”

आता खरं तर हा प्रश्न टाळायलाच ती एवढ्या महागड्या दारात आली होती. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं. खरं सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. तिने तोंड उघडलं. ते नाव जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिथेच अडलं. कुत्र्याच्या बाईनेसुद्धा वळून पाहिलं.

“वेलिच्का,” वेलिच्का म्हणाली.

“किती जुनं, गोड नाव,” मुलगी म्हणाली. “आता कुणी ठेवत नाही.”

“आमच्याकडे ठेवतात,” वेलिच्का म्हणाली, आणि खोटं एकदा बोलल्यावर ती त्यात चांगली पाय पसरून बसली. “अख्खं ठेवतात. तिच्या आईचाच आग्रह होता. मी नको म्हणत होते.” सोन्याची अक्षरं एकेक करून उमटताना ती डोळे भरून बघत राहिली. मग घंटेच्या दारातून बाहेर पडली आणि ट्राममध्ये डबा मांडीवर घेऊन बसली. समोरची बाई डब्याकडे बघून हळहळल्यासारखी का करते आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिने केस बसवले, मोत्यांची माळ घातली आणि कचेरी गाठली. रीतीप्रमाणे पहिलं चॉकलेट दरवानाचं. त्सानोकाका काचेच्या खोक्यात बसून पेपर वाचत होते. वेलिच्काने फीत सोडली, झाकण काढलं, डबा पुढे केला, आणि ओठ घट्ट मिटून थांबली, कारण नावाबद्दल काय बोलायचं ते अजून तिचं ठरलं नव्हतं.

त्सानोकाकांनी डबा पाहिला. तिचा चेहरा पाहिला. ते उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली, एक चॉकलेट उचललं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “देव क्षमा करो.”

मेलेल्याच्या नावानेही आपण वाटतोच की, शिजवलेले गहू, वेफर, काय असेल ते. घेणारा एवढेच तीन शब्द बोलतो आणि आभार मानत नाही. काकांनीही मानले नाहीत. ते उभ्या उभ्याच खात होते. खाता खाता त्यांनी चष्मा पुढे ओढून पट्टीवरचं नाव वाचलं.

“वेलिच्का,” त्यांनी छातीवर क्रूस केला. मग वर पाहिलं. “पण तू तर ही उभी आहेस.”

“थू, थू, थू!” वेलिच्का तीनदा बाजूला थुंकली. “काय बोलताय, काका! नात झालीये मला!”

“मग डबा असा काय?”

“बेल्जियमचा आहे,” तिने ठोकून दिलं.

“तिकडे मेलेल्यांसाठी असा देतात?”

“तिकडे जिवंतांनाच असा देतात!”

“कमाल आहे,” काका म्हणाले. त्यांनी टोपी घातली, आणि चूक दुरुस्त करावी म्हणून भरल्या तोंडाने पुढे म्हणाले, “बरं मग, वेलिच्का का कोण ती, सुखरूप राहो. पण आधी जे बोललो ते बोललो. आता त्याला मी काय करू?”

वेलिच्का जिना चढू लागली. पहिल्या मजल्यापर्यंत तिला फक्त राग होता, दुकानाचा, काकांचा, काळ्या रंगाचा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मात्र ती पायरीवर बसली. गोड खाऊन बोललेला शब्द लागतो. छत्तीस वर्षं ती हेच सांगत आली होती. आणि आज पहिला शब्द कुठला बोलला गेला? कुणाच्या नावावर? सोन्याने लिहिलेल्या नावावर. म्हणजे नातीचं नाव खरंच वेलिच्का असतं तर त्या म्हाताऱ्याने टोपी काढून ते तिच्यावर ओतलं असतं, अकरा दिवसांच्या जिवावर, जिचे कान झाकलेत की नाही म्हणून आपण रोज विचारतो. ते बाळ तिला फोनच्या काचेत दिसलं, मूठ तोंडात घातलेलं, आणि मनात आपोआप आलं: बरं झालं, ती एलोदी आहे. फार बरं झालं.

मग ते शब्द लागले कुणाला? या नावाची या कचेरीत एकच बाई होती. वेलिच्काने पट्टीकडे पाहिलं. ती तशीच फेकून द्यावी, तर गोड फेकणं हे त्याहून वाईट. दुसऱ्या कुणाला द्यावी, तर त्या माणसाने काय घोडं मारलं होतं? आपल्या नावावर पडलंय ते आपणच गिळायचं, असं तिने ठरवलं, आणि जिन्यात बसून, वरून कुणी येतंय का यावर कान ठेवून, तिने स्वतःचं नाव खाल्लं. पट्टी कडू होती. इतकी कडू, की डोळ्यांत पाणी आलं. यासाठी लोक घंटा वाजवून आत जातात का, असा प्रश्न तिला त्या स्थितीतही पडलाच.

तिसऱ्या मजल्यावर बावीसच्या बावीस जण थांबले होते. दाफोवसाहेबांनी सकाळची बैठक पुढे ढकलली होती, पण म्हणत होते की प्रिंटर बंद आहे. वेलिच्का दारात उभी राहिली.

“हा डबा कुणी वारलं त्याचा नाही,” तिने आधी सांगून टाकलं. “कुणी तसलं काही बोललं तर याद राखा.”

कुणाला काही कळलं नाही. झिव्का उठून जवळ आली, तिने डब्यात पाहिलं. काकांनी उचललेल्या एका चॉकलेटची जागा मोकळी, आणि बरोबर मध्यभागी एक लांबट खड्डा.

“मधलं कुठे गेलं, वेले?”

“मी खाल्लं.”

“वाटायच्या आधी?”

“वाटायच्या आधी.”

खोलीत कुजबुज झाली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर वेलिच्काने त्याला निवृत्त होईपर्यंत सोडलं नसतं. झिव्का तिच्या तोंडाकडे बघत होती. “ओठांना सोनं लागलंय तुझ्या,” ती म्हणाली. वेलिच्काने हाताच्या पाठीने ओठ पुसले आणि वर्ख गालापर्यंत गेला.

“नाव काय ठेवलं?” झिव्काने विचारलं. चार वर्षं तिने हा दिवस मनात शंभर वेळा पाहिला असेल.

वेलिच्काने डबा दोन्ही हातांनी धरला.

“एलोदी,” ती म्हणाली.

पहिल्यांदाच म्हणाली. नाव बाहेर पडलं, जरा वेडंवाकडं, पण पडलं. दाफोवसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. मागे कुणीतरी खोकलं. सगळे झिव्काकडे बघत होते, आणि काहींच्या चेहऱ्यावर तिने आता चांगली टोचून बोलावं अशी स्वच्छ अपेक्षा होती.

“म्हणजे तुझं एक अक्षरसुद्धा नाही,” झिव्का म्हणाली.

“नाही.”

“पीससुद्धा नाही.”

“नाही म्हटलं ना.”

“बरं वाटलं मला,” झिव्का म्हणाली. “खोटं कशाला बोलू. चार वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.” तिने चॉकलेट उचललं, दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं, मग वाकून डब्याच्या बुडाशी तारीख पाहिली, चांगली दोनदा पाहिली. मग झिव्काने ते तोंडाजवळ नेलं आणि थांबली. “जिवंत राहो, सुखरूप राहो तुझी... परत सांग. कसं म्हणायचं ते?”

“एलोदी.”

“एलोडा.”

“एलोडा नाही. दी. जीभ दातांना लाव. एलोदी.”

“सुखरूप राहो एलोदी,” झिव्का म्हणाली आणि तिने चॉकलेट तोंडात टाकलं. क्षणभराने म्हणाली, “मीठ पडलंय यात.”

“ते मुद्दाम आहे,” वेलिच्का म्हणाली. “हाताने वेचलेलं.”

मग डबा फिरला. कुणी एलादी म्हणालं, कुणी लोदी म्हणालं, दाफोवसाहेब सरळ मेलोदी म्हणाले. वेलिच्काने एकालाही सोडलं नाही. चॉकलेट हातात धरून प्रत्येकाला नाव बरोबर येईपर्यंत तिने उभं केलं, आणि साहेबांना तर तीनदा म्हणायला लावलं, कारण चुकीच्या नावावर पडलेला शब्द काय करतो हे तिने आजच सकाळी पाहिलं होतं. बावीस वेळा तिच्या तोंडून ते नाव गेलं, वर दुरुस्तीची वेगळी. शेवटच्या टेबलापाशी पोचेपर्यंत ते तिला इतकं सोपं झालं होतं, की ते अवघड कसं जातं हेच तिला कळेना, आणि ती नव्याने आलेल्या मुलीवर त्याबद्दल खेकसली.

डबा रिकामा झाल्यावर ती गुंडाळ्यांच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. लिएझला फोन लावला.

“काय झालं, आई? या वेळी?” दोन्काचा आवाज दमलेला होता. “बाळ ठीक आहे. दूध प्यायलंय, कान झाकलेत.”

“एलोदी झोपलीये का?” वेलिच्काने विचारलं.

वेलिच्काने फोन कानापासून काढून पाहिला. लाइन चालू होती.

“दोन्के, ऐकू येतंय का?”

“येतंय,” दोन्का म्हणाली. ती रडत होती, आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हती.

“मग बोल की. विचारलं काय मी? झोपलीये का एलोदी?”

“जागी आहे.”

“मग तू कशाला बोलत बसलीयेस?” वेलिच्का म्हणाली. “दे तिला फोन.”